बसथांबा, गतिरोधक, एकेरी मार्ग : सोलापुरात आपला अर्ज निर्णयापर्यंत कसा न्यायचा

हैदराबाद रोडला जुन्या विडी घरकुलाच्या, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीच्या, तोंडाशी सकाळी सव्वासहाला उभं राहून बघा. हातात डबा आणि विड्यांची पिशवी घेतलेल्या बायका, दप्तरं लावलेली पोरं, सिव्हिलला केसपेपर काढायला निघालेली एखादी म्हातारी जोडी. शेअर रिक्षा येते तेव्हा ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना माणसं आधीच बसलेली असतात आणि एकाचा पाय बाहेर लोंबत असतो. तिथंच शेजारच्या अक्कांनी मला म्हटलं होतं, "तुम्ही शिकलेल्या आहात, बससाठी एक अर्ज लिहून द्या की ओ."

मी लिहिला. सह्या गोळा करून आम्ही पाच जणी एका कार्यालयात गेलो, साहेबांच्या हातात निवेदन दिलं, फोटो काढला आणि घरी आलो. तीन महिन्यांनी चौकशीला गेले तर टेबलावरच्या माणसानं पहिला प्रश्न विचारला, "आवक नंबर काय?" अर्ज घेतल्याची नोंद करून देतात तो क्रमांक आमच्याकडं नव्हता. म्हणजे कागदोपत्री आम्ही तिथं गेलोच नव्हतो. वर असंही कळलं, की हा विषय त्या कार्यालयाचा नाहीच. तेव्हापासून अर्ज कसा चालतो हे मी एकेक टेबल फिरून शिकले. ज्यांना आपल्या भागासाठी काही मागायचं आहे त्यांचे ते तीन महिने वाचावेत म्हणून हे लिहिते आहे.

आधी ठरवा : हा निर्णय कोणाचा?

सगळ्यात जास्त अर्ज इथंच वाया जातात. आपल्याला रस्ता एकच दिसतो, पण त्यावरचे निर्णय चार-पाच जणांत वाटलेले असतात.

सिटी बस म्हणजे महापालिकेचा परिवहन उपक्रम. फेऱ्या, मार्ग, वेळापत्रक, तिकीट हे विषय परिवहन व्यवस्थापकांकडं सुरू होतात आणि परिवहन समितीपुढं, काही वेळा सर्वसाधारण सभेपुढं जातात. बाहेरगावची लाल परी थांबत नसेल तर तो विषय राज्य परिवहन महामंडळाच्या विभाग नियंत्रकांचा. महापालिकेला कितीही अर्ज द्या, एसटीचा थांबा त्यांच्या हातात नाही.

एकेरी मार्ग, पार्किंगची सम-विषम तारीख, जड वाहनांना बंदी, सिग्नलची वेळ हे शहर पोलीस आयुक्तालयाच्या वाहतूक शाखेकडं जातं. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ११५ वाहनांवर निर्बंध घालण्याचं आहे. कलम ११७ वाहनतळ आणि प्रवासी वाहनांचे थांबे ठरवण्याचं आहे, आणि त्यात स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून ठरवा असं म्हटलेलं आहे. म्हणून बसथांबा किंवा रिक्षा स्टँड मागताना एकच अर्ज दोन्हीकडं द्यायचा आणि प्रत्येकावर दुसऱ्याचं नाव "प्रत माहितीसाठी" म्हणून लिहायचं. असं केलं की "त्यांचा अभिप्राय आलेला नाही" या एका वाक्यावर फाइल पडून राहत नाही.

रिक्षाचं भाडं आणि परवाने प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाकडं. त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि कागदपत्रं आरटीओ कार्यालयातून फिरतात.

आता रस्त्याची मालकी. पुणे–हैदराबाद महामार्ग असो की विजापूर, तुळजापूरकडं जाणारे रस्ते, शहरातून जाणारा प्रत्येक मोठा रस्ता महापालिकेचा असेलच असं नाही. काही तुकडे राष्ट्रीय महामार्गाचे, काही सार्वजनिक बांधकाम खात्याचे आणि काही हस्तांतरित झालेले असतात. महामार्गाच्या तुकड्यावर गतिरोधक मागणारा अर्ज झोन कार्यालयात दिला तर तो तिथंच राहील. सोपा उपाय असा : झोन कार्यालयातल्या कनिष्ठ अभियंत्याला विचारा, "या रस्त्याचं शेवटचं डांबरीकरण कोणी केलं?" ज्यानं पैसे खर्च केले, बहुतेक वेळा रस्ता त्याचाच.

कुंभारी, बोरामणीसारखी गावं महापालिकेच्या हद्दीबाहेर आहेत. तिथं आधी ग्रामसभेचा ठराव घ्यायचा. त्याची प्रत जोडली की अर्ज चार माणसांचा न राहता गावाचा होतो. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा व्हावीच लागते, तेव्हा विषय घालायला संधी मिळते.

हद्दवाढ भागातल्यांनी हे लक्षात ठेवावं

१९९२ च्या हद्दवाढीत सोलापूरचं क्षेत्र सुमारे ३३ चौरस किलोमीटरवरून १७८ चौरस किलोमीटरवर गेलं. शहर पाचपटीहून मोठं झालं, पण बसचे मार्ग बरीच वर्षं जुन्या गावाभोवतीच फिरत राहिले. २०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाख लोकसंख्या नोंदली गेली. शेळगी, बाळे, केगाव, देगाव, जुळे सोलापूर, नई जिंदगी या भागांतली माणसं कामाला आणि शाळेला आजही गावातच येतात. "आमच्याकडं बस नाही" हे गाऱ्हाणं म्हणून नका मांडू. शहराची हद्द तुम्ही वाढवली, कर आम्ही भरतो, सेवा त्या हद्दीपर्यंत आली पाहिजे, असा हक्काचा मुद्दा मांडा. अर्जात घरपट्टीचा उल्लेख करायला अजिबात संकोच नको.

आत्ता ही मागणी करायला एक कारणही आहे. केंद्राच्या पीएम ई-बस सेवा योजनेत सोलापूरला १०० इलेक्ट्रिक बस मंजूर झालेल्या आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत बस चालवणाऱ्या ठेकेदाराला किलोमीटरमागं पैसे मिळतात, पण बस कुठून कुठं धावायची हे शहर ठरवतं. म्हणून नवीन मार्ग आखले जात असतानाच तुमची वस्ती त्या नकाशावर आली पाहिजे. एकदा वेळापत्रक आणि चार्जिंगची गणितं बसली, की एक फेरी वाढवून घ्यायलाही फार झगडावं लागतं.

पुरावा : एक वही आणि तीन सकाळी

सह्यांपेक्षा मोजणी जास्त बोलते. आम्ही दुसऱ्या खेपेला काय केलं ते सांगते.

शाळेची साधी वही घेतली. पानावर चार रकाने पाडले : वेळ, किती माणसं उभी, कुठं निघाली, कशानं गेली. वेळेचे पंधरा-पंधरा मिनिटांचे भाग केले. अक्कांची मुलगी माणसं मोजायची, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. मी फक्त "कुठं निघालात?" एवढंच विचारायचे. पूर्वभागात अर्ध्या बायका तेलुगूत उत्तर द्यायच्या, तेव्हा तीच मुलगी सांगायची, "अशोक चौक म्हणतायत, कारखान्यात." सोमवार, बुधवार आणि शनिवार घेतला. एकाच दिवसाची मोजणी असेल तर "त्या दिवशी बाजार असेल" म्हणून ती बाजूला ठेवली जाते.

तिसऱ्या दिवशी वही बघितल्यावर आम्हालाच धक्का बसला. गर्दी साडेआठला असेल असं सगळे धरून चालले होते. खरी गर्दी पावणेसात ते सव्वासातच्या मध्ये होती आणि त्यात बायका जास्त होत्या. म्हणजे आमची जुनी मागणी, "दिवसभर बस सुरू करा," ही चुकीची होती. आम्हाला सकाळच्या दोन आणि संध्याकाळच्या दोन फेऱ्या हव्या होत्या. मागणी लहान झाली, त्यामुळं ती देणंही सोपं झालं.

बसची मागणी करताना हद्दीतली शाळा, दवाखाना, कारखाना, बाजार यांची नावं आणि अंतर लिहा. परिवहनवाले "डेड किलोमीटर" असा शब्द वापरतात, म्हणजे डेपोतून पहिल्या थांब्यापर्यंत बस रिकामी पळते ते अंतर. तुमचा मार्ग डेपोपासून लांब असेल तर हाच आक्षेप येणार. त्यावरचं उत्तर आधीच लिहून ठेवा : जाताना अमुक भागातून न्या, म्हणजे रिकामी पळणार नाही.

गतिरोधकाच्या मागणीत मोजपट्टी लागते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मापदंडाप्रमाणं गतिरोधक सुमारे ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असायला हवा, त्यावर पांढरे पट्टे आणि अलीकडं सूचनाफलक हवा. आपल्या गल्लीबोळांत असतात ते हातभर रुंदीचे उंचवटे. त्यांच्यावरून गरोदर बाईला नेताना रिक्षावालासुद्धा हळहळतो. म्हणून अर्जात नुसतं "गतिरोधक करा" असं न लिहिता "मापदंडानुसार गतिरोधक, पट्टे आणि फलकासह" असं लिहा. नाहीतर रस्ता दुरुस्तीतून उरलेल्या खडी-डांबराचा ढीग घालून मोकळे होतील. अपघात झाले असतील तर तारखा लिहा आणि पोलीस ठाण्यात नोंद असेल तर तिचा उल्लेख करा. जखमींची नावं मात्र त्यांना विचारल्याशिवाय लिहू नका.

अर्ज कसा लिहायचा

एका कागदात बसवा आणि एकच विषय घ्या. पाणी, दिवाबत्ती, कचरा, बस असं सगळं एका निवेदनात घातलं की ते चार खात्यांत फिरतं आणि कुणाचंच राहत नाही. आमचा दुसरा अर्ज साधारण असा होता :

"प्रति, परिवहन व्यवस्थापक, सोलापूर महानगरपालिका परिवहन उपक्रम. विषय : जुने विडी घरकुल ते सिव्हिल हॉस्पिटल, मार्गे अशोक चौक, सकाळी ६.४५ व ७.१५ आणि सायंकाळी ५.३० व ६.३० या वेळी बसफेरी सुरू करण्याबाबत. महोदय, वरील मार्गावर आम्ही तीन दिवस प्रत्यक्ष प्रवासी मोजणी केली असून तक्ता सोबत जोडला आहे. या वेळेत महिला कामगार व विद्यार्थ्यांसाठी कोणतीही सार्वजनिक बससेवा उपलब्ध नाही. तरी या मार्गाचे सर्वेक्षण करून, प्रायोगिक तत्त्वावर फेऱ्या सुरू करण्याचा प्रस्ताव परिवहन समितीसमोर ठेवावा, ही विनंती. केलेल्या कार्यवाहीची माहिती लेखी कळवावी."

यातली दोन वाक्यं महत्त्वाची आहेत. "प्रायोगिक तत्त्वावर" म्हटलं की अधिकाऱ्याला हो म्हणायला हात मोकळा होतो, कारण नाही जमलं तर बंद करता येतं. आणि "प्रस्ताव समितीसमोर ठेवावा" असं लिहिलं की टेबलावरच्या माणसाला पुढचं काम काय ते नेमकं कळतं. "योग्य ती कार्यवाही व्हावी" असं लिहिलं, की योग्य काय हे तोच ठरवतो.

दोन प्रती न्या. एक आवक विभागात द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. साहेबांना भेटायचं असेल तर ते त्यानंतर. ती पोच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवा, कारण पुढचं सगळं त्या एका क्रमांकावर चालतं.

वेळेचंही भान ठेवा. जानेवारीत सिद्धरामेश्वरांच्या गड्डा यात्रेचे दिवस असतात. नंदीध्वजांच्या मिरवणुकीसाठी रस्ते वळवलेले असतात आणि वाहतूक शाखेचा प्रत्येक माणूस होम मैदानाच्या बंदोबस्तात असतो. आषाढीच्या आधी पोलीस आणि एसटी दोघंही पंढरपूरच्या तयारीत असतात. या दिवसांत अर्ज गेला तर त्याच्याकडं बघायला कुणी नसतं.

फाइलच्या मागं चालणं

बरेच जण सभेच्या दिवशी घोषणा द्यायला जातात. माझ्या अनुभवात निर्णय सभेच्या बराच आधी, कार्यालयीन टिपणीत ठरतो. कनिष्ठ अभियंता किंवा वाहतूक निरीक्षक जागा बघून टिपणी लिहितो, वरिष्ठ त्यावर शेरा मारतात, लेखा विभाग खर्चाचा अभिप्राय देतो आणि मग विषय विषयपत्रिकेवर येतो. टिपणीत "सदर मागणी व्यवहार्य नाही" असं एकदा लिहिलं गेलं की पुढं कुणी ते खोडत नाही. म्हणून अर्ज दिल्यावर पंधरा दिवसांत विचारा, "पाहणीला कोण येणार आहे, कधी?" आणि त्या दिवशी तिथं हजर राहा. दुपारी दोनला पाहणी झाली तर थांब्यावर काळं कुत्रंही नसतं. आम्ही वही दाखवून त्या निरीक्षकांना सकाळी बोलावलं आणि ते आले. एक रिक्षा भरताना बघितली आणि त्यांनीच वहीतली पानं मोबाइलवर टिपून घेतली.

आता महापालिकेच्या सभागृहाबद्दल. २०२२ मध्ये मुदत संपल्यावर इथं जवळपास चार वर्षं प्रशासकच कारभार बघत होते. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली. २६ प्रभागांतून १०२ नगरसेवक निवडून आले. बहुतेक प्रभागांत चार आणि दोन प्रभागांत तीन नगरसेवक आहेत. म्हणजे तुमच्या भागाला एकच "आपला" नगरसेवक नाही. चौघांनाही वेगवेगळी प्रत द्या, पक्ष बघू नका. चौघांच्या शिफारसी एकाच मागणीवर असल्या की विरोध करायला कुणी उरत नाही.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ नुसार सर्वसाधारण सभेच्या नियमित बैठकीची सूचना सात पूर्ण दिवस आधी द्यावी लागते आणि सभा नागरिकांना खुली असते. त्या सात दिवसांत विषयपत्रिका मिळवा. नगरसेवकांकडं तिची छापील प्रत येतेच. तुमचा विषय असेल तर त्याचा क्रमांक टिपा आणि त्याखाली जोडलेली टिपणी वाचा. त्यात चूक असेल, समजा अंतर चुकीचं लिहिलं असेल, तर सभेच्या आधी एका नगरसेवकाला उपसूचना, म्हणजे प्रस्तावात दुरुस्ती, मांडायला सांगा. गॅलरीत बसून ऐकताना "तहकूब", "अभिप्रायार्थ परत", "मंजूर, उपसूचनेसह" हे शब्द नीट पकडा, कारण तिन्हींचा पुढचा रस्ता वेगळा आहे. तहकूब म्हणजे विषय पुढच्या सभेत. अभिप्रायार्थ परत म्हणजे फाइल पुन्हा खात्याकडं आणि तुमची पायपीट पुन्हा सुरू.

ठराव मंजूर झाला म्हणजे काम झालं असं नाही. याच अधिनियमाच्या कलम ४५१ खाली राज्य सरकार एखादा ठराव निलंबित किंवा विखंडित, म्हणजे रद्द, करू शकतं. साध्या बसफेरीच्या बाबतीत असं सहसा होत नाही, पण जागा, आरक्षण, ठेका असा विषय असेल तर हे कलम ऐकायला मिळेल.

पैशाचा विषय असेल, म्हणजे शेड, फुटपाथ किंवा सिग्नल, तर अंदाजपत्रकाच्या आधी हालचाल करा. परिवहन उपक्रमाचं अंदाजपत्रक वेगळं असतं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये खाती आपापल्या मागण्या वर पाठवतात. तेव्हा तुमचं काम यादीत गेलं नाही तर मार्चमध्ये कितीही ओरडलं तरी "तरतूद नाही" हेच उत्तर मिळेल.

हरकती आणि सूचना

वर्तमानपत्रातल्या छोट्या अक्षरांच्या जाहिराती वाचायची सवय लावा. वाहतूक शाखा एखादा मार्ग एकेरी करायचा असला की बरेचदा आधी प्रायोगिक बदल करते आणि नागरिकांच्या हरकती मागवते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ नुसार एक महिन्यापर्यंतच्या निर्बंधाला राजपत्रातल्या अधिसूचनेची गरज नसते, म्हणून हे प्रयोग पटकन सुरू होतात. नवी पेठ, मधला मारुती, टिळक चौक अशा भागांत एका गल्लीची दिशा बदलली तरी दुकानदार, हातगाडीवाले, शाळेच्या रिक्षा, रुग्णवाहिका सगळ्यांचं गणित बदलतं. हरकत लिहिताना "आमचा विरोध आहे" एवढ्यावर थांबू नका. कोणत्या वेळी, कुणाला, किती वळसा पडतो आणि त्याऐवजी काय करता येईल ते लिहा. पर्याय असलेली हरकत सुनावणीत वाचली जाते.

विकास आराखड्यातला रस्ता किंवा आरक्षण बदलायचं असेल तर तो महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियम, १९६६ चा विषय. कलम ३७ खालच्या किरकोळ फेरबदलाला हरकतीसाठी एक महिना मिळतो. मुदत चुकली तर पुढं ऐकायला कुणी बांधील नाही. जुना पुणे नाका ते पत्रकार भवन आणि जुना बोरामणी नाका ते मोरारका बंगला या दोन उड्डाणपुलांचं भूसंपादन वर्षानुवर्षं रेंगाळताना शहरानं बघितलं आहे. बाधित होणाऱ्या घरमालकानं आणि भाडेकरूनंही अशी नोटीस पहिल्याच दिवशी कापून ठेवावी.

फेरीवाल्यांना उठवून रस्ता मोकळा करायचा विषय निघाला तर पथविक्रेता कायदा, २०१४ आठवा. त्यातल्या शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असावे लागतात. वाहतूक सुरळीत व्हावी ही माझीही इच्छा आहे, पण मंडईतल्या भाजीवाल्या मावशीला जागा न दाखवता उठवायला मी सही देणार नाही.

उत्तरच आलं नाही तर

महिना थांबा, मग स्मरणपत्र द्या आणि त्यावर पहिला आवक क्रमांक लिहा. त्यानंतरही शांतता असेल तर माहिती अधिकार अधिनियम, २००५. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. ऑनलाइन पोर्टलवरही अर्ज करता येतो. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही, पुरावा जोडायचा.

"बस का सुरू केली नाही?" असं विचारू नका. "का"ला माहिती म्हणत नाहीत. असं विचारा : "आवक क्रमांक अमुक, दिनांक तमुक या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या नोंदी, कार्यालयीन टिपणीची प्रत, आणि अर्ज कोणत्या अधिकाऱ्याकडे किती तारखेपासून प्रलंबित आहे त्याची माहिती." प्रशासकांच्या काळातल्या निर्णयाबद्दल असेल तर "प्रशासकीय ठरावाची प्रत" मागा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर तीस दिवसांच्या आत त्याच संस्थेतल्या अपिलीय अधिकाऱ्याकडं पहिलं अपील. त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडं दुसरं. आमच्या बाबतीत माहिती अधिकाराचा अर्ज गेल्यावर आठव्या दिवशी फोन आला, की मूळ अर्जावर पाहणी लावली आहे.

लोकशाही दिन, म्हणजे अधिकाऱ्यांसमोर थेट तक्रार मांडायचा दिवस, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. विहित नमुन्यात अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो आणि तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते. त्यामुळं "आमच्या भागातील नागरिक" अशी सुरुवात करू नका. "मी रोज अमुक वेळी कामावर जाते, मला अमुक त्रास होतो" असं स्वतःच्या नावानं लिहा. न्यायालयात असलेला विषय तिथं घेत नाहीत.

मंजुरीनंतर

ठरावाची प्रत आणि कार्यादेशाची, म्हणजे काम सुरू करायच्या आदेशाची प्रत, दोन्ही मिळवा. कार्यादेशात काम पूर्ण करायची मुदत लिहिलेली असते. थांब्याचा खांब रोवायला माणसं येतात तेव्हा घरातलं कुणीतरी तिथं असू द्या. आमच्याकडं खांब आणला तेव्हा तो पावसाचं पाणी तुंबतं तिथंच रोवायला निघाले होते. अक्कांनी त्यांना दहा पावलं पुढं, लिंबाच्या सावलीत नेलं. "इथं उभं राहायचंय आम्हाला, तिथं नाही," एवढंच त्या म्हणाल्या. ठेकेदाराच्या पोरानं मुकादमाला फोन लावला, मुकादमानं हो म्हटलं, आणि खांब लिंबाखाली रोवला गेला. पहिले पंधरा दिवस आम्ही पुन्हा तीच वही काढली. आता रकाने दोनच होते : बस किती वाजता आली आणि किती जण चढले.